टावीमध्ये मोठा व्हॉल्व्ह म्हणजे चांगला व्हॉल्व्ह? नाही हो!

टावी म्हणजे छाती न उघडता, रक्तवाहिनीतून नळी घालून हृदयाचा एऑर्टिक व्हॉल्व्ह बसवणं. "आमच्या काकांना २६ नंबरचा व्हॉल्व्ह बसवला, तुमच्या बाबांना २३चाच का?" असले मेसेज वर्षानुवर्षं फिरतायत आणि ऑपरेशनच्या आधीच घरच्यांच्या मनात उगाच शंका घालतायत, म्हणून नीट सांगतो.

टावीत जुना व्हॉल्व्ह कापून काढत नाहीत, नवा त्याच्या आतच उघडतो आणि तिथल्या कॅल्शियमला धरून बसतो. ती जागा गोल नसते, अंडाकृती असते, त्यामुळे नुसत्या इकोवर साइज ठरवणं पुरत नाही, सीटी स्कॅन करून तिचं क्षेत्रफळ आणि घेर मोजतात. लहान बसला तर कडेने रक्त गळतं, क्वचित व्हॉल्व्ह सरकतोही. जास्तच मोठा बसला तर पेसमेकर लागण्याची शक्यता वाढते, आणि बलूनने फुगवायच्या व्हॉल्व्हमध्ये व्हॉल्व्ह जिथे बसतो ती कडाच फाटू शकते, हे जिवावर बेततं! थोडा मोठा घेतातच, पण तो मोजून.

आणि नंबरांची तुलना तर करूच नका. सेपियन आणि एव्होल्यूट हे दोन वेगळ्या कंपन्यांचे व्हॉल्व्ह, सेपियन बलूनने फुगतो, एव्होल्यूट आपोआप उघडतो, दोघांचे साइझिंग चार्ट वेगळे, त्यामुळे एकाच पेशंटला एका कंपनीचा २३ आणि दुसरीचा २६ बसू शकतो. मधल्या मापाच्या पेशंटचं काय? मायव्हॅल या भारतीय कंपनीच्या व्हॉल्व्हमध्ये २१.५, २४.५ असे मधले साइजही मिळतात, ही मला खरंच मोठी सोय वाटते.

डॉक्टरांना विचारायचंच असेल तर सीटीत माप किती आलं आणि कॅल्शियम कुठे साठलंय ते विचारा.