चिखलदरा

विदर्भातील थंड हवेचे ठिकाण व अमरावती जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. मेळघाटात, सातपुड्याच्या गाविलगड रांगेत ते सुमारे १,१०० मी. उंचीवर वसले असून परतवाड्याहून घाटरस्त्याने सुमारे ३० किमी. आहे.

नावाच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. लोकपरंपरेनुसार भीमाने कीचकाला मारून येथील दरीत फेकले, म्हणून ‘कीचकदरा’ व पुढे चिखलदरा. भीमाने स्नान केले ते भीमकुंड, विराट राजाचे स्थान ते जवळचे वैराट, अशी स्थलनामांची साखळीच ही परंपरा पुढे करते. तथापि महाभारतातील विराटनगर मत्स्य देशातील. ते सामान्यतः राजस्थानातील बैराट मानले जाते. शिवाय क-च यांची अदलाबदल मान्य केली, तरी ‘ल’ कोठून आला हे उलगडत नाही. ‘चिखल’ व ‘दरा’ या साध्या मराठी शब्दांवरून नाव पडले व कथा त्याला मागाहून जोडली गेली, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. पावसाळ्यात येथील वाटा तुडवलेल्यांना तरी ते पटावे.

शेजारचा गाविलगड किल्ला इतिहासकार फिरिश्ताच्या मते अहमदशाह वली बहमनीने १४२५ च्या सुमारास बांधला. नावावरून मात्र त्याआधीची गवळ्यांची गढी सूचित होते. १५ डिसेंबर १८०३ रोजी ब्रिटिश सेनापती वेलस्लीच्या फौजेने तो नागपूरकर भोसल्यांकडून जिंकला. १८२२ च्या तहानंतर हा मुलूख निजामाकडे गेला आणि पुढच्याच वर्षी हैदराबाद पलटणीच्या कॅप्टन रॉबिन्सनने चिखलदऱ्याची जागा हेरली, असे सांगतात. ‘शोध’ हा शब्द येथे जपूनच वापरावा. कोरकू आदिवासी व गवळी या डोंगरांत आधीपासून राहत होते.

देवी पॉइंट, पंचबोल व शक्कर तलाव ही नेहमीची प्रेक्षणीय स्थळे. जंगल पाहण्यासाठी सेमाडोह-कोलकासकडे उतरावे लागते. गर्दी पावसाळ्यात अधिक; दाट धुक्यात दरी दिसेलच असे नाही.

खाण्यात गवळ्यांच्या म्हशींच्या दुधाचा खवा व रबडी सर्वांत नावाजलेली. पावसाळ्यात भाजलेला भुट्टा मिळतो, तर जवळच्या मोथा गावात अलीकडे स्ट्रॉबेरी पिकते. कॉफीची लागवड ब्रिटिश काळापासूनची. कोरकूंच्या घरची कुटकी (एक भरडधान्य) मात्र हॉटेलच्या ताटात क्वचितच येते. पाहुण्याने ती आवर्जून मागावी.