न ताणणाऱ्या धाग्याचा ताणणारा स्वेटर

शिवणाच्या डब्यातला हातभर सुती दोरा घ्या आणि दोन्ही टोकं धरून ओढा. दोरा ताणला असा जात नाही. जोर वाढवला तर बोटांवर वळ उठतात, आणखी वाढवला तर तुटतो. आता अंगातल्या बनियनचा खालचा काठ धरून ओढा. तोही सुतीच, पण सहज दीडपट रुंद होतो आणि सोडला की बराचसा जागेवर येतो. दोऱ्यात नसलेला गुण बनियनमध्ये कुठून आला?

शर्टाच्या कापडात तो येत नाही. मागावर उभे आणि आडवे धागे एकमेकांच्या खालून-वरून, पण जवळजवळ सरळ रेषेत जातात. ओढलं तरी सुटायला धागा शिल्लकच नसतो. सुयांवरच्या विणीत मात्र धागा कुठेच सरळ नसतो. तो सतत वळत, मागच्या ओळीतल्या फासातून डोकं बाहेर काढत जातो. आपल्या भाषेनं या दोन्ही गोष्टींना ‘विणणं’ हे एकच क्रियापद दिलं. खाट विणायची, टोपली विणायची, घोंगडी विणायची आणि स्वेटरही विणायचाच. इंग्रजांनी दोन शब्द ठेवले, आपण एकात भागवलं, आणि त्यामुळे हा फरक आपल्या डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. बनियनला जुनी माणसं गंजीफ्रॉक म्हणत. त्यातली ‘गंजी’ आली गर्न्सी बेटावरून, आणि ‘जर्सी’ त्याच्या शेजारच्या बेटावरून. इंग्लिश खाडीतल्या या दोन बेटांच्या विणकामाची नावं मराठी घरातल्या कपाटात कपड्यांच्या चळतीत जाऊन बसली.

मी विणायला शिकलो आत्याकडून, तेही चाळिशी उलटल्यावर. तिचं पहिलं वाक्य होतं, “हात सैल सोड रे. टाका सुईवरून सरकला पाहिजे, उपटावा लागता कामा नये.” मला ती सवयीची गोष्ट वाटली. नंतर कळलं, की सगळं भौतिकशास्त्र त्या सैलपणातच आहे.

एका टाक्याकडे भिंग घेऊन पाहा. धागा खालच्या फासातून मागून पुढे येतो, वर चढतो, कमान करतो, खाली उतरतो आणि पुन्हा मागे जातो. आठ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुयांवर मध्यम जाडीच्या लोकरीचा टाका साधारण साडेचार मिलिमीटर रुंद पडतो. त्यात धागा मात्र दीड सेंटिमीटरच्या आसपास खपतो, म्हणजे रुंदीच्या तिपटीहून जास्त. आडवं ओढलं की उभ्या पायांतला धागा सरकून आडव्या कमानीत येतो, टाका रुंद आणि बुटका होतो. उभं ओढलं की उलट. धाग्याची लांबी तेवढीच राहते, तो फक्त जागा बदलतो. सोडल्यावर स्वेटर परत का येतो? कारण वाकवलेल्या धाग्याला आणखी वाकायला आवडत नाही. टाक्यातलं प्रत्येक वळण म्हणजे एक चिमुकली स्प्रिंग आहे.

पॅरिसमध्ये सॅम्युएल पॉइंक्लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नायलॉनच्या धाग्याची वीण यंत्रावर ताणून हेच मोजलं. त्यांचा लेख २०१८ चा. धाग्याची लांबी बदलत नाही, वाकण्याला ऊर्जा लागते आणि धागे एकमेकांच्या आरपार जाऊ शकत नाहीत, एवढ्या तीन गोष्टी धरल्या की विणीचं ताणणं बऱ्यापैकी सांगता येतं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या लेखात त्यांनी घर्षणाकडे पाहिलं. वीण हळूहळू ताणली तर ती सलग ताणली जात नाही. धाग्यावर धागा अडतो, मग सटकतो, पुन्हा अडतो. या सटकण्यांची वाटणी भूकंपांसारखी निघाली, लहान पुष्कळ आणि मोठी विरळ. स्वेटर डोक्यातून घालताना आपण असे शेकडो भूकंप घडवत असतो, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

सुयांच्या नंबराबद्दल एक सांगतो, कारण नवशिक्या इथे हमखास फसतो. दहा नंबरची सुई आठ नंबरपेक्षा बारीक असते. ही उलटी गणती तारेच्या मापावरून आली. तार जितक्या वेळा लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढली, तितका नंबर वाढला आणि तार बारीक झाली.

आता प्रयोग. एकच लोकर, त्याच सुया, तीस टाके आणि तीस ओळी. पहिला चौकोन सगळ्या ओळी सुलट, म्हणजे विणताना धागा फासातून आपल्याकडे काढायचा; उलट म्हणजे पलीकडे. दुसरा एक ओळ सुलट, एक ओळ उलट, म्हणजे पुढून गुळगुळीत दिसते ती नेहमीची वीण. तिसरा प्रत्येक ओळीत एक सुलट एक उलट, जी आपण स्वेटरच्या बॉर्डरला घालतो. माझा दुसरा तुकडा साडेतेरा सेंटिमीटर रुंद भरला, तिसरा न ताणता जेमतेम साडेनऊ. पहिला रुंदीला दुसऱ्याच्या जवळपासच होता, पण उंचीला बराच आखूड आणि दिसायला जाड. तिन्हींत टाके सारखे, धागाही जवळपास सारखाच. फरक एवढाच, की धागा फासातून पुढच्या बाजूला काढला की मागच्या.

मधला तुकडा टेबलावर ठेवला की गुंडाळायला लागतो. वरचा-खालचा काठ आपल्याकडे वळतो, डावा-उजवा मागे. आत्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीची तक्रार हीच असायची, “काकू, माझं चुकलंय, बघा ना कसं वळतंय.” चुकलेलं काहीच नसतं. या विणीत प्रत्येक टाका धाग्याला एकाच दिशेनं वाकवतो, आणि हजारो टाक्यांची सरळ व्हायची धडपड एकाच बाजूला साठते. सगळ्या ओळी सुलट घातल्या तर एक ओळ पुढून दिसते, दुसरी मागून. ओढ एकमेकींना छेद देते आणि तुकडा सपाट बसतो. शिवाय ओळी घडीसारख्या आत-बाहेर होतात, म्हणून तो उभा जास्त ताणला जातो. एक सुलट एक उलटमध्ये हेच उभ्या रांगांचं होतं. उलट टाक्यांच्या रांगा मागे दडतात, सुलट पुढे येतात, आणि कापड बाजाच्या पेटीच्या भात्यासारखं मिटून राहतं. मनगटाला आणि कमरेला नेमका असाच भाता लागतो. हे गणित कुणी मांडण्याच्या कितीतरी आधी विणणाऱ्यांच्या हातांना ते माहीत होतं. अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये एलिझाबेटा मात्सुमोतो यांच्या गटानं याच ओळखीच्या विणी घेऊन त्यांचा ताठपणा मोजला आणि २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध केला. सुलट आणि उलट कुठे घालायचे एवढंच ठरवून एकाच धाग्यातून कुठे मऊ, कुठे ताठ असं कापड रचता येतं, हा त्या कामाचा गाभा. हातमोज्याच्या बोटांपाशी काय घालावं, हे विचारायला त्यांनी एखाद्या आजीकडे जायलाही हरकत नव्हती.

मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरमध्ये पन्नास-साठ हजार टाके असतात. दीड सेंटिमीटरनं गुणा, साडेसातशे ते नऊशे मीटर धागा होतो. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापासून निघालात तर मंडईच्या आसपास पोचाल एवढा. आणि एवढ्या धाग्यात, गुंडे जोडताना मारलेल्या गाठी सोडल्या, तर एकही गाठ नाही. गाठींच्या गणिताच्या भाषेत स्वेटर म्हणजे मोकळा दोरा. प्रत्येक टाक्याला वरच्या ओळीतल्या टाक्यानं धरलेलं असतं, त्याला त्याच्या वरच्यानं. म्हणून सुईवरून एक टाका निसटला की तो त्या रांगेत सरळ खाली शिडी करत उतरतो, शेजारच्या रांगेत घुसत नाही. क्रोशाची बारीक सुई घेऊन तीच शिडी पायरी-पायरीनं वर चढता येते. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मला परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं होतं.

क्रोशाचं काम वेगळं. तिथे सुईवर एका वेळी बहुधा एकच फास मोकळा असतो, बाकीचे बंद झालेले. म्हणून टीव्हीवरचा क्रोशाचा रुमाल मधूनच शिडी सोडत उसवत नाही, शेवटच्या टोकापासूनच उसवतो. याच क्रोशानं १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या डायना ताइमिना यांनी भूमितीतला एक अवघड पृष्ठभाग हातात धरता येईल असा विणला. ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवत राहायचं. काठ इतका वेगानं वाढतो की त्याला सपाट बसायला जागा उरत नाही आणि त्याची झालर होते. फ्रॉकच्या घेराला झालर लावणाऱ्या आपल्या मावश्यांनी ही अतिवलयी (हायपरबोलिक) भूमिती कधीच करून ठेवली होती, फक्त नाव ठेवलं नव्हतं.

पुण्यात स्वेटर लागतो किती, हा चेष्टेचा विषय आहे. १७ जानेवारी १९३५ ला पारा १.७ अंशांवर उतरला होता, तो आकडा जुने पुणेकर अजून ऐकवतात. एरवी डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे दहा-बारा अंश आणि दुपारी तीसच्या आसपास. हवा कोरडी, आकाश निरभ्र, त्यामुळे जमिनीची उष्णता रात्री भराभर निघून जाते. सकाळी सहाला घातलेला स्वेटर अकरा वाजता कमरेला बांधलेला असतो.

स्वेटर ऊब निर्माण करत नाही, धरून ठेवतो, हे शाळेत शिकवतात. पण धरतो कोण? लोकरीचा तंतू स्वतः स्थिर हवेच्या कितीतरी पट उष्णता वाहून नेतो. खरं काम अडकलेली हवा करते, आणि स्वेटरच्या आकारमानात बहुतेक हवाच असते. अट एकच, ती हवा हलता कामा नये. पहाटे स्कूटरवर सेनापती बापट रस्त्यानं निघालात की आत्याचा जाड स्वेटर अचानक पातळ का वाटतो, ते इथे कळतं. टाक्यांच्या भोकांतून वारा आरपार जातो आणि तापवलेली हवा घेऊन जातो. वरून साधं विंडचीटर चढवलं की तोच स्वेटर पुन्हा ऊबदार. विंडचीटर नसेल तर छातीवर वर्तमानपत्राची घडी सरकवायची. ही जुनी सायकलवाल्यांची युक्ती शास्त्रशुद्ध आहे.

बोहरी आळीत किंवा तुळशीबागेत आपण ‘लोकर’ मागतो, तेव्हा मिळते ती बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक. तिचा मेंढीशी काही संबंध नसतो. ‘कॅशमिलॉन’ हेही मुळात एका जपानी कंपनीच्या अ‍ॅक्रिलिक तंतूचं नाव. खात्री करायची तर धाग्याचं टोक चिमट्यात धरून जाळा. खरी लोकर केस जळल्याचा वास देते आणि राख बोटांत चुरगळते. अ‍ॅक्रिलिक वितळून काळा टणक मणी होतो. कमी लेखायचं मात्र कारण नाही. फुगीर अ‍ॅक्रिलिक बनवायची युक्ती फार सुरेख आहे. आकसणारे आणि न आकसणारे तंतू एकत्र कातून वाफ देतात. पहिले आखडतात, दुसऱ्यांना जागा उरत नाही म्हणून ते बाहेर फुगतात, आणि धाग्यात हवा शिरते.

खऱ्या लोकरीचं वेगळेपण पाण्यात आहे. ती स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा बाष्प ओलसर न वाटता शोषते, आणि शोषताना थोडी उष्णता बाहेर टाकते. अ‍ॅक्रिलिक जेमतेम एक-दोन टक्के ओलावा धरतं. पुण्याच्या कोरड्या थंडीत रात्री अंधारात अ‍ॅक्रिलिकचा स्वेटर काढताना चटचट ठिणग्या उडतात त्या याचमुळे. घासून साठलेला विद्युतभार वाहून न्यायला ओलावाच नसतो.

लोकर टोचते ही तक्रारही जाडीची आहे. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूचं टोक वाकण्याऐवजी त्वचेत रुततं. मेरिनो जातीच्या मेंढीची बारीक लोकर २० च्या आसपास, म्हणून ती गळ्याशी चालते. दख्खनी मेंढीची लोकर याहून बरीच जाड. धनगरांची घोंगडी तिच्यापासून होते, तीही मागावर विणलेली आणि चिंचोक्याची खळ लावलेली. तान्ह्या बाळाचं टोपरं त्या लोकरीचं करू नये एवढंच.

एक कबुली देतो. आत्यानं मला दिलेला खऱ्या लोकरीचा स्वेटर मी वॉशिंग मशीनमध्ये गरम पाण्यात घातला. बाहेर आला तो माझ्या पुतण्याच्या मापाचा आणि हाताला नमद्यासारखा, म्हणजे दाबून केलेल्या जाड लोकरी कापडासारखा. लोकरीच्या तंतूवर कौलांसारखे खवले असतात, सगळे एकाच दिशेला. गरम साबणाच्या पाण्यात घुसळलं की तंतू एकमेकांवरून पुढे सरकतात, पण खवले अडकतात म्हणून मागे येत नाहीत. गुंता घट्ट होत जातो आणि तो सोडवता येत नाही. आत्या तुकडा हातात फिरवून म्हणाली, “आसन होईल चांगलं.” झालं.

सध्या तिचा आणखी एक जुना स्वेटर मी उसवतोय. कोपरं विरलेली आहेत, बाकी लोकर उत्तम. उसवलेला धागा सरळ निघत नाही, नागमोडी येतो, प्रत्येक टाक्याची कमान त्यात तशीच राहिलेली. लोकर म्हणजे केरॅटिन, आपल्या केसांतलंच प्रथिन. त्याच्या साखळ्यांमधले हायड्रोजन बंध वर्षानुवर्षं त्याच वळणात बसलेले असतात. पाणी शिरलं की ते सुटतात, आणि वाळताना तंतू ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. ओले केस रोलरवर गुंडाळण्यामागेही हेच. खुर्चीच्या पाठीवर धागा गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात भिजवायची, हलक्या हातानं दाबून पाणी काढायचं आणि वाळत टांगायची. बाल्कनीत तीन लड्या आहेत. खालून वजनाला वाट्या बांधल्यात, आणि दर तासाला एखादी वाटी बोटभर खाली आलेली दिसते.