लुट्झ आणि फ्लिप: चार मिलिमीटरच्या पात्यावरचा वाद

महिलांचं फिगर स्केटिंग टीव्हीवर पाहताना सर्वांत जास्त गल्लत होते ती लुट्झ आणि फ्लिप या दोन उड्यांची. दोन्ही मागे सरकत घेतल्या जातात. दोन्हींत डाव्या पायावर सरकत असताना उजव्या बुटाचा टो पिक, म्हणजे पात्याच्या पुढच्या टोकाचे दाते, मागे बर्फात रोवून उसळी घेतात. उतरतातही सारख्याच: उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर, मागे सरकत. (हे वर्णन घड्याळाच्या उलट दिशेने गिरकी घेणाऱ्या स्केटरचं आहे. बहुतेक जणी तशाच फिरतात. उलट फिरणारीसाठी डावं-उजवं बदलून वाचावं.) हवेत गेल्यावर या दोन उड्यांत काहीच फरक उरत नाही. जो आहे तो बर्फ सुटण्याआधीच्या क्षणात, डाव्या बुटाखाली.

स्केटचं पातं साधारण ४ मिलिमीटर जाड असतं आणि खालून सपाट नसतं. लांबीभर मधोमध पन्हळ कोरलेली असते, त्यामुळे दोन धारदार कडा तयार होतात: पायाच्या आतल्या बाजूची आणि बाहेरची. लुट्झ डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवरून सुटते, फ्लिप आतल्या कडेवरून. व्याख्या एवढीच. पण त्यातून निघणारी भौतिकी मोठी आहे.

मागे सरकताना डाव्या पायाच्या आतल्या कडेवर झुकलं की वाट घड्याळाच्या उलट दिशेने वळते. गिरकीही त्याच दिशेची असल्यामुळे फ्लिपमध्ये शरीर ज्या बाजूला वळतच आहे, त्याच बाजूला फिरायचं असतं. बाहेरच्या कडेवर वाट घड्याळाच्या दिशेने वळते आणि गिरकी मात्र उलट दिशेने घ्यायची असते. लुट्झमध्ये वाटेकडून फुकटात काहीच मिळत नाही; उलट शेवटच्या क्षणापर्यंत तिच्या विरोधात खांदे आवरून धरावे लागतात. म्हणून समोर पाहत सुटणारी अ‍ॅक्सेल सोडली तर सहा प्रकारांत लुट्झ सर्वांत अवघड मानतात. ऑस्ट्रियाच्या आलोइस लुट्झने १९१३ मध्ये ती पहिल्यांदा केली असं मानलं जातं. स्पर्धेत ट्रिपल, म्हणजे हवेत तीन गिरक्यांची लुट्झ करणारी पहिली महिला स्वित्झर्लंडची डेनिस बीलमान, १९७८ ची युरोपियन स्पर्धा. क्वाड, म्हणजे चार गिरक्यांची लुट्झ महिलांत आली ती थेट २०१८ मध्ये, रशियाच्या अलेक्सांद्रा ट्रुसोव्हाकडून, तीही ज्युनियर स्पर्धेत.

ओळखायचं कसं? नेहमीचा सल्ला असा: लांबलचक मागे सरकत रिंकच्या कोपऱ्याकडे गेली की लुट्झ, आणि थ्री-टर्न किंवा मोहॉक घेऊन लगेच उडाली की फ्लिप. थ्री-टर्न म्हणजे एकाच पायावर पुढून मागे वळणं, मोहॉक म्हणजे वळताना पाय बदलणं. हा सल्ला बऱ्याचदा लागू पडतो, पण त्यावर विसंबू नये. पावलं टाकत अचानक घेतलेली लुट्झ आजकाल सर्रास दिसते, कारण अवघड प्रवेशाला परीक्षक जादा गुण देतात. खरी खूण घोट्यात असते. उजवा पाय मागे जायला लागला की हातांकडे, चेहऱ्याकडे पाहू नका. डाव्या बुटाच्या टाचेकडे पाहा. बूट करंगळीच्या बाजूला कललेला असेल तर लुट्झ, अंगठ्याच्या बाजूला असेल तर फ्लिप. पाठीमागून पाहिलं तर हे स्वच्छ दिसतं, आडव्या कोनातून जवळजवळ दिसतच नाही. हा कोनाचा मुद्दा पुढे निकालाच्या संदर्भात पुन्हा येणार आहे.

चुका दोन, आणि त्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा. लुट्झची वाट धरून शेवटच्या क्षणी आतल्या कडेवर घसरणं म्हणजे फ्लुट्झ. फ्लिपची वाट धरून बाहेरच्या कडेवर जाणं म्हणजे लिप.

फ्लुट्झ कितीतरी जास्त दिसते, आणि तिचं कारण शरीराच्या सोयीत आहे. उजवा पाय मागे ताणताना कंबर आणि उजवा खांदा उघडतात, वजन आत ओढलं जातं आणि डावा घोटा आत लवंडतो. त्या क्षणी गिरकीला वाटेची मदत मिळू लागते, म्हणून शरीराला ते हवंहवंसंच वाटतं. बर्फावरची रेघ पाहिली तर एका बाजूला वळत गेलेली वाट टो पिकच्या खड्ड्याआधी उलटी वळलेली दिसते, लांबट इंग्रजी एससारखी. सवय डबल लुट्झच्या वयात लागते. डबलमध्ये हवेत वेळ पुरतो, चूक खपून जाते, आणि ट्रिपलपर्यंत ती हाडात मुरलेली असते. नंतर दुरुस्त करायची तर उडीची वेळच बदलते. काही महिने ट्रिपल बिघडलेली राहते. हंगामाच्या मध्यात हा धोका कोण पत्करणार?

लिप सहसा उलट घडणीच्या स्केटरकडे आढळते: जिची लुट्झ उत्तम आहे, जिला बाहेरच्या कडेवर उभं राहायची सवय आहे. थ्री-टर्न घेऊन फिरणं रोखताना ती जास्त जोर लावते, उजवा पाय सरळ मागे न जाता शरीराच्या पलीकडे ओलांडून जातो आणि वजन बाहेर कलतं. अशा स्केटरला प्रशिक्षक अनेकदा मोहॉकवरून फ्लिप घ्यायला लावतात, कारण मोहॉकनंतर डावा पाय मुळातच आतल्या कडेवर पडतो. दोन्ही उड्या निर्विवाद शुद्ध असलेल्या स्केटर वाटतात त्यापेक्षा कमी आहेत.

आता गुण. २०१८-१९ पासूनच्या तक्त्यात ट्रिपल लुट्झचे मूळ गुण ५.९०, ट्रिपल फ्लिपचे ५.३०. परीक्षक त्यावर उणे ५ ते अधिक ५ अशी श्रेणी देतात आणि प्रत्येक पायरी मूळ गुणांच्या १० टक्के. कड स्पष्टपणे चुकली तर परीक्षकांहून वेगळं, तिघांचं तांत्रिक पॅनेल उडीपुढे ‘ई’ ही खूण लावतं; २०२०-२१ पासून त्या खुणेने मूळ गुण ८० टक्क्यांवर येतात. म्हणजे लुट्झ ४.७२ आणि फ्लिप ४.२४; फ्लिप तर साल्काव्ह या साध्या प्रकारातल्या ट्रिपलच्या ४.३० पेक्षाही खाली. कड संदिग्ध असेल, पातं सपाट राहिलं असेल, तर नुसतं उद्गारचिन्ह लागतं: मूळ गुण शाबूत राहतात, परीक्षकांनी श्रेणी कमी करायची.

इथे एक रास्त प्रश्न येतो. फ्लुट्झ जर आतल्या कडेवरून सुटली, तर तिला फ्लिपच का म्हणत नाहीत? कारण उडीचं नाव एकंदर प्रवेश आणि इराद्यावरून ठरवलं जातं, कडेची चूक ही त्या उडीतली चूक धरतात. याचा व्यावहारिक परिणाम असा की फ्लुट्झ करणारीची ‘लुट्झ’ हिशेबात लुट्झच राहते. आणि हिशेब महत्त्वाचा आहे. बीजिंग २०२२ ऑलिंपिकच्या वेळच्या नियमांनुसार महिलांच्या फ्री स्केटमध्ये, म्हणजे दोन फेऱ्यांपैकी लांब फेरीत, उड्यांचे सात गट, आणि ट्रिपल-क्वाडपैकी फक्त दोनच उड्या पुन्हा करता येत. ट्रिपल अ‍ॅक्सेल किंवा क्वाड नसलेल्या स्केटरकडे ट्रिपलचे पाच प्रकार असतात. दोन पुन्हा केले की सात ट्रिपल. लुट्झ वगळली तर सहाच. डबल अ‍ॅक्सेल दोनदाच चालते आणि ती दोन्ही बहुधा आधीच खर्ची पडलेली असतात. मग रिकाम्या जागी येणार फार तर डबल लुट्झ, २.१० गुणांची. त्या तुलनेत ‘ई’ खुणेची ट्रिपल लुट्झ उणे ३ श्रेणी मिळूनही ४.७२ वजा १.४२ म्हणजे ३.३० देऊन जाते. चुकते हे माहीत असूनही ती कार्यक्रमात ठेवतात, ते या गणितामुळे. आळस नव्हे.

सहापैकी गुण देण्याच्या जुन्या ६.० पद्धतीत असली खूणच नव्हती. कड चुकली हे प्रत्येक परीक्षकाने स्वतः टिपायचं आणि मनातल्या मनात वजा करायचं. १९९८ मध्ये नागानो ऑलिंपिकला अमेरिकेच्या तारा लिपिन्स्कीने आपल्याच देशाच्या मिशेल क्वानला हरवून सुवर्ण घेतलं. लिपिन्स्कीच्या लुट्झच्या कडेवर तेव्हाही टीका होत होती, पण निकालात त्याचं वजन किती होतं हे त्या पद्धतीत कोणालाच दाखवता येत नाही. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधल्या जोडी स्केटिंगमधल्या परीक्षकांच्या घोटाळ्यानंतर पद्धत बदलली आणि २००७-०८ च्या हंगामापासून कडेची खूण अधिकृतपणे लागू झाली.

तिचा पहिला मोठा फटका बसला तो कोरियाची किम युना आणि जपानची माओ असादा यांच्या चुरशीत. ही लढत सहसा असादाची ट्रिपल अ‍ॅक्सेल विरुद्ध किमची सफाई अशी सांगतात. मला ती लुट्झ-फ्लिपची लढत जास्त वाटते. असादाची फ्लिप भक्कम, लुट्झ कायम कडेच्या संशयात. किमची लुट्झ त्या काळातली सर्वोत्तम, पण २००८ च्या कप ऑफ चायनामध्ये तिच्या फ्लिपला ‘ई’ लागली आणि कोरियात गदारोळ झाला. किमकडे उत्तर तयार होतं: पुढच्या हंगामात तिने सलामीची जोडउडी (एकीला लागून दुसरी उडी) फ्लिपऐवजी लुट्झवरून सुरू केली. २०१० च्या वँकूव्हर ऑलिंपिकच्या शॉर्ट प्रोग्रॅममध्ये, म्हणजे छोट्या फेरीत, त्या ट्रिपल लुट्झ-ट्रिपल टो लूपचे मूळ गुण १०.०० होते, असादाच्या ट्रिपल अ‍ॅक्सेल-डबल टो लूपचे ९.५०. त्या काळी महिलांत फारच दुर्मीळ असलेल्या उडीने सुरू झालेली जोडी लुट्झच्या जोडीपेक्षा अर्ध्या गुणाने स्वस्त! फ्री स्केटमध्ये किमने ट्रिपल लुट्झ दोनदा घेतली, असादाने एकदाही नाही. अंतिम आकडे २२८.५६ आणि २०५.५०. एवढी तफावत एका उडीची नसते, पण सुरुवात तिथूनच होते.

निकालाच्या न्याय्यतेबद्दल बोलताना लोक सहसा परीक्षकांवर तुटून पडतात. मोठ्या स्पर्धेत परीक्षक नऊ असतात, प्रत्येक घटकाची सर्वांत वरची आणि खालची श्रेणी काढून उरलेल्यांची सरासरी घेतात. एकट्यादुकट्याची मेहेरनजर त्यात बरीच विरते. कडेचा निर्णय मात्र तांत्रिक पॅनेलचे तिघे घेतात: तांत्रिक तज्ज्ञ, सहायक तज्ज्ञ आणि नियंत्रक. मतभेद झाला तर बहुमत. रिप्ले पाहता येतो, शंका राहिली तर फायदा स्केटरला. तीन जणांच्या या होय-नाहीची किंमत मोजून पाहा. शुद्ध ट्रिपल लुट्झला अधिक ३ श्रेणी मिळाली तर ७.६७ गुण होतात, तिलाच ‘ई’ आणि उणे ३ मिळाले तर ३.३०. फरक ४.३७. बीजिंगमध्ये अ‍ॅना शेरबाकोव्हाचं सुवर्ण आणि ट्रुसोव्हाचं रौप्य यांत अंतर होतं ४.२२. तिथे काही चुकीचं झालं असा याचा अर्थ नाही; एका खुणेचं वजन कळावं म्हणून हा आकडा.

२०१४ चं सोची ऑलिंपिक याच कारणाने अजून धुमसतं. रशियाची आडेलिना सोत्निकोव्हा २२४.५९, किम युना २१९.११. चर्चा परीक्षकांच्या उदार श्रेणीची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. तेव्हा परीक्षकांची नावं त्यांच्या गुणांसमोर छापली जात नसत, ते गुप्त ठेवणं २०१६ मध्ये बंद झालं. पण जाणकारांचा दुसरा आक्षेप वेगळा होता: सोत्निकोव्हाच्या ट्रिपल लुट्झची कड त्याआधीही वादात असताना सोचीच्या फ्री स्केटमध्ये तिला खूण लागली नाही. तांत्रिक नियंत्रक यजमान रशियाचे होते. यावरून हेतू सिद्ध होत नाही. मात्र अशी नेमणूक टाळता आली असती, हे म्हणायला पुरावा लागत नाही. त्या वेळी ‘ई’मुळे फक्त श्रेणी घटायची; मूळ गुणही कापले जाऊ लागले ते २०१४-१५ पासून.

माझ्या मते नियम आता पुरेसे कडक आहेत, कमी पडते ती नजर. पॅनेल रिंकच्या लांब बाजूला बसतं आणि लुट्झ बहुतेक वेळा कोपऱ्याकडे जाते. कॅमेरा आडवा पडला तर बुटाचा कल दिसतच नाही, आणि शंकेचा फायदा आपोआप दिला जातो. पाठीमागून टिपणारा जादा कॅमेरा ही त्यावरची साधी दुरुस्ती. दुसरी अडचण लौकिकाची. जिच्या लुट्झला पूर्वी खूण लागली तिची उडी दर वेळी पुन्हा पाहिली जाते, जिची शुद्ध मानतात तिची सहज सुटते. जपानच्या काओरी साकामोतोच्या लुट्झवर अनेकदा खूण लागली. तरी २०२२ ते २०२४ अशी सलग तीन जागतिक विजेतेपदं तिने क्वाड किंवा ट्रिपल अ‍ॅक्सेल न करता जिंकली. तिचा वेग आणि बाकीच्या उड्यांची लांबी-उंची लुट्झमधली तूट भरून काढत होती.

स्वतः पडताळायचं असेल तर स्पर्धेनंतर प्रसिद्ध होणाऱ्या गुणपत्रिका उघडा. एकाच स्केटरच्या एका हंगामातल्या चार-पाच घ्या आणि फक्त लुट्झची ओळ पाहा. आधी खुणेचा रकाना, मग परीक्षकांच्या श्रेणी. खूण नसतानाही दोन-तीन परीक्षकांनी श्रेणी खाली ठेवली असेल, तर त्यांना त्यांच्या जागेवरून कड दिसली असण्याची शक्यता आहे. उद्गारचिन्ह असूनही सगळे अधिक ३ वर असतील, तर त्यांनी ते मनावर घेतलेलं नाही. एका स्पर्धेत ‘ई’, पुढच्या स्पर्धेत काहीच नाही, असं दिसलं तर दोन्ही व्हिडिओ पाव वेगाने लावा आणि टो पिक रुतण्याआधीची शेवटची काही चित्रं थांबवून डावा बूट पाहा. बुटाचा कल दोन्हीकडे सारखाच असेल, तर बदल स्केटरमध्ये झालेला नाही.