चांगला खेळाडू, वाईट हेर: बोगार्टची बुद्धिबळाची पत्रं आणि माहितीचं गणित

हम्फ्री बोगार्टचा एक किस्सा दर काही महिन्यांनी फिरत फिरत परत वर येतो. साल १९४३, दुसरं महायुद्ध जोरात, हा हॉलिवूडचा मोठा हिरो पोस्टाने बुद्धिबळ खेळतोय, आणि त्याच्या पत्रांतल्या चाली बघून एफबीआयला वाटतं की ही काहीतरी सांकेतिक भाषा आहे, म्हणून चौकशीला माणसं येतात असं सांगतात. वाचणारे हसतात, की एवढी मोठी तपास यंत्रणा आणि साधं बुद्धिबळ ओळखता येत नाही. मला मात्र वाटतं की शंका अगदी रास्त होती. बुद्धिबळाच्या डावात गुप्त संदेश लपवता येतो का, आणि येत असेल तर किती मोठा, हा खरोखर विचारण्यासारखा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर चक्क आकड्यात देता येतं.

आधी बोगार्टबद्दल थोडं. हा काही फोटोपुरता पट मांडून बसणारा नट नव्हता. सिनेमात जम बसायच्या आधी, पैशांची ओढाताण होती तेव्हा तो न्यूयॉर्कच्या बागांमध्ये आणि कोनी आयलंडला चिल्लर पैसे लावून बुद्धिबळ खेळायचा, आणि जिंकायचाही. 'कासाब्लांका'मध्ये (१९४२) त्याने साकारलेला रिक पहिल्यांदा दिसतो तो एकटाच पटासमोर बसलेला, ती कल्पनाही बोगार्टचीच म्हणतात. १९४५ मध्ये 'चेस रिव्ह्यू' या मासिकाच्या मुखपृष्ठावर लॉरेन बकॉल आणि शार्ल बोये या सिनेकलाकारांसोबत तो झळकला. जाणकार त्याला मास्टरच्या जरा खालच्या दर्जाचा खेळाडू मानतात. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं गणित या एका गोष्टीवर येऊन थांबणार आहे.

आता ती पत्रं. तेव्हा अमेरिकेत चाली लिहायची पद्धत आजच्यासारखी नव्हती. राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं की लिहायचं 'पी-के४', राजाच्या बाजूचा घोडा काढला की 'केटी-केबी३', आणि दोन्ही खेळाडू आपापल्या बाजूने घरं मोजणार, म्हणजे एकाच घराला दोन नावं. परदेशी खेळाडूंशी पोस्टाने खेळायची पद्धत तर याहून संशयास्पद दिसते, तिथे अक्षरंच नाहीत, प्रत्येक घराला दोन आकडे, तेच प्यादं म्हणजे ५२५४ आणि तोच घोडा म्हणजे ७१६३. ज्याला बुद्धिबळ येत नाही त्याने युद्धाच्या काळात पोस्टकार्डावर असे चार-चार आकड्यांचे गट पाहिले तर त्याने काय समजायचं?

पण ज्याला बुद्धिबळ येतं तो पट मांडून लगेच तपासू शकतो, आणि इथून गंमत सुरू होते. पटावर ६४ घरं. 'या घरातून त्या घरात' असं नुसतं कागदावर लिहायचं तर ६४ गुणिले ६३, म्हणजे ४०३२ जोड्या होतात. डावाच्या मध्यात नियमात बसणाऱ्या चाली असतात साधारण ३०. म्हणजे कोणी बुद्धिबळाचं सोंग घेऊन मनाला येतील ते आकडे पाठवत असेल, तर एखादा गट नियमात बसायची शक्यता १ टक्क्याहूनही कमी, आणि लागोपाठ दोन बसायची शक्यता साधारण १८ हजारांत एक. खोटा डाव दुसऱ्या-तिसऱ्या चालीलाच उघडा पडतो. त्यामुळे हेराला लपायचं असेल तर डाव खरा, नियमातलाच खेळावा लागणार.

मग खऱ्या डावात संदेश कसा घालायचा? पहिलीच चाल घेऊ. पांढऱ्याला पहिल्या चालीला बरोबर २० पर्याय असतात, आठ प्याद्यांचे प्रत्येकी दोन आणि दोन घोड्यांचे प्रत्येकी दोन. प्याद्यांच्या १६ चालींना डावीकडून क्रमांक द्या, एकदम डावीकडचं प्यादं एक घर पुढे म्हणजे ०, तेच दोन घरं म्हणजे १, शेजारचं एक घर म्हणजे २, असं करत करत उजवीकडच्या शेवटच्या प्याद्याची दोन घरांची चाल येते १५. आता ० ते १५ हे आकडे कम्प्युटरच्या भाषेत, म्हणजे शून्य आणि एक वापरून, बरोबर चार जागांत मावतात. राजासमोरचं प्यादं दोन घरं, ही जगातली सगळ्यात जास्त खेळल्या जाणाऱ्या चालींपैकी एक, तिचा क्रमांक येतो ९, म्हणजे १००१. झालं, एका चालीत चार बिट गेले आणि बघणाऱ्याला काही कळलंही नाही.

बिट म्हणजे एका हो-नाही प्रश्नाचं उत्तर. पर्याय दोन असतील तर एक बिट, चार असतील तर दोन, आठला तीन, सोळाला चार, बत्तीसला पाच, म्हणजे पर्याय दुप्पट झाले की एकच बिट वाढतो. हे बिटचं गणित क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ मध्ये नीट मांडलं, आणि मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट ही वाटते की माहिती चालीमध्ये नसते, ती 'दुसरं काय खेळता आलं असतं' यात असते. राजाला शह आहे आणि सुटायला एकच चाल आहे, तर ती चाल किती बिट नेते? शून्य. ती येणार हे समोरच्याला आधीच माहीत होतं. पटावर काहीतरी हललं, कार्ड आलं, तिकिटाचे पैसे गेले, पण कळलं काहीच नाही.

आता हेराची अडचण बघा. संदेशात पुढे ११११ पाठवायचं आलं तर त्याला क्रमांक १५ खेळावा लागेल, म्हणजे डावाच्या सुरुवातीलाच कडेचं प्यादं दोन घरं पुढे. नियमात बसतं, पण कुठलाही बरा खेळाडू असं सुरू करत नाही, आणि अशा चार-पाच विचित्र चाली दिसल्या की तपासणाऱ्याच्या भुवया वर जाणारच. तेव्हा डाव नुसता नियमातला असून भागत नाही, तो समंजस दिसावा लागतो. समंजस चाली एका वेळी किती असतात? दोन, तीन, फार तर चार. म्हणजे पाच बिटवरून आपण घसरलो एक-दीड बिटवर, आणि मारामारी सुरू झाली की तुम्ही माझा उंट मारला, मी तुमचा मारणारच, तिथे पर्याय एकच, बिट शून्य. खेळाडू जितका चांगला, तितका त्याचा पर्यायांचा घोळका लहान, आणि तितकी लपवायला जागा कमी. बोगार्टसारखा जवळजवळ मास्टर दर्जाचा माणूस आपल्या नावाला शोभेल असं खेळत हेरगिरी करू पाहील, तर ४० चालींच्या पूर्ण डावात त्याच्या वाटच्या चालींमध्ये ६० बिटच्या आसपास मावतील. इंग्रजी वर्णमालेतल्या एका अक्षराला पावणेपाच बिट धरले तर सगळी मिळून बारा-तेरा अक्षरं. 'जहाज सोमवारी निघालं' एवढंसुद्धा इंग्रजीत धड लिहून होणार नाही.

(जे आणखी खोलात जाऊ शकतात त्यांच्यासाठी: सगळ्या समंजस चालींना सारखे क्रमांक देण्याऐवजी, जी चाल खेळली जायची शक्यता जास्त तिला छोटा कोड आणि जिची कमी तिला लांब कोड दिला, तर लपवलेला डाव खऱ्या डावापासून आकडेवारीनेही वेगळा काढता येत नाही. आज चेस इंजिनच्या मदतीने हे सहज करता येतं. पण मावणारे बिट त्या शक्यतांच्या एंट्रॉपीएवढेच, म्हणजे त्यांतून निघणाऱ्या सरासरी माहितीएवढेच, त्याहून एकही जास्त नाही.)

इथे एका लाडक्या आकड्याबद्दल बोलायलाच हवं. 'बुद्धिबळाचे डाव विश्वातल्या अणूंपेक्षा जास्त' हे वाक्य कुठेही चिकटवलं जातं, त्यावरून बुद्धिबळात विश्वाची रहस्यं दडलेली आहेत इथपर्यंत लोक जातात. आकडा शॅननचाच आहे, १९५० मध्ये कम्प्युटरला बुद्धिबळ कसं शिकवावं यावर त्याने जो लेख लिहिला त्यात तो येतो: ४० चालींचे डाव साधारण १ वर १२० शून्यं इतके. अंदाज ठीकच आहे. पण त्याचे बिट काढा, येतात ४०० च्या आसपास. मोबाईलवरच्या एका साध्या एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, म्हणजे ११२० बिट. 'विश्वातल्या अणूंपेक्षा जास्त' असलेल्या सगळ्या डावांमधून एक निवडून दाखवला, तरी जेमतेम अर्ध्या एसएमएसइतकं सुद्धा सांगून होत नाही. प्रचंड संख्या आणि प्रचंड माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मोठ्या आकड्याने दिपवणारा कुठलाही दावा समोर आला की मी आधी त्याचे बिट काढून बघते.

मग युद्धात पत्रं तपासणारे सेन्सॉरवाले चुकले का? नाही. अमेरिकेच्या सेन्सॉरशिप ऑफिसने युद्धात देशाबाहेर पोस्टाने बुद्धिबळ खेळणं सरळ बंदच केलं होतं, शब्दकोडी पाठवण्यावरसुद्धा नजर होती. टेबलाटेबलावर पट मांडून बसणारा तपासनीस ठेवणं शक्य नव्हतं, पत्रांचे ढीगच्या ढीग यायचे, आणि हेराला लांबलचक निबंध कुठे पाठवायचा असतो, 'हो' की 'नाही' एवढ्या एका बिटवरही ताफा हलू शकतो. बुद्धिबळपटू आणि गुप्त संदेश यांचं नातंही काही कल्पनेतलं नव्हतं, तिकडे इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्कला जर्मनांचे संदेश फोडणाऱ्यांत ह्यू अलेक्झांडर, स्टुअर्ट मिलनर-बॅरी आणि हॅरी गोलोम्बेक हे तिघे पट्टीचे खेळाडू कामाला होते.

फक्त वेग बघा. पोस्टाच्या खेळात साधारणपणे एका कार्डावर एक चाल, तिकडून उत्तर येईपर्यंत आठवडा धरा. चाळीस चालींना चाळीस आठवडे, आणि पदरात बारा-तेरा अक्षरं, म्हणजे एकेका अक्षराला तीन आठवड्यांहून जास्त.