पाने गळलेली गुळवेल

हिवाळा सरता सरता गुळवेलीची पाने पिवळी पडू लागतात आणि पाहता पाहता सारी वेल उघडी होते. ती वाळली असे समजून अनेक जण नेमकी याच वेळी तिला मुळापासून कापतात, तर काही जण तिला जगवण्यासाठी रोज पाणी घालू लागतात. यांपैकी कशाचीही गरज नसते. गुळवेल मुळात पानझडी आहे आणि पाने टाकणे ही तिची कोरड्या दिवसांची तयारी आहे.

पान गळण्यापूर्वी त्यातील हरितद्रव्याचे विघटन होते, नत्रासारखी उपयुक्त द्रव्ये खोडाकडे परत घेतली जातात आणि मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक कमकुवत थर तयार होऊन पान अलगद सुटते. पानांवाटे होणारे बाष्पोत्सर्जन त्यामुळे थांबते व मांसल खोडातील पाणी टिकून राहते. शंका असेल तर खोडावरची कागदासारखी पातळ साल नखाने किंचित खरवडून पाहावी. खाली हिरवागार थर दिसला, तर वेल जिवंत आहे. खोडात स्टार्चचा मोठा साठाही असतो. गुळवेल सत्त्व म्हणून ओळखली जाणारी पांढरी भुकटी मुख्यतः याच स्टार्चची असते.

उन्हाळ्यात वेलीवर पान नसताना पिवळसर हिरवी, अगदी बारीक फुले येतात, तीही बहुधा या साठ्याच्या बळावर. नर आणि मादी फुले वेगवेगळ्या वेलींवर येतात. नर फुले घोसाने, तर मादी फुले बहुधा एकेकटी असतात. त्यामुळे नर वेलीचे कितीही तुकडे लावले, तरी वाटाण्याएवढी लाल फळे कधीच धरत नाहीत. पक्ष्यांसाठी फळे हवी असतील, तर फळे धरलेल्या वेलीची फांदी आणावी आणि जवळपास नर वेल असेल असे पाहावे.

लागवड सोपी आहे. बोटाएवढ्या जाडीचा, दोन-तीन डोळे असलेला 15 ते 20 सेंटिमीटरचा तुकडा पावसाळ्याच्या तोंडावर, पाण्याचा निचरा होणाऱ्या मातीत, खालचा डोळा मातीत जाईल असा लावावा. उलटा लावू नये. आधार मात्र सुरुवातीपासूनच भक्कम हवा. पानाच्या देठाची दोन्ही टोके फुगीर असतात आणि बुडाशी देठाला पीळ असतो; या रचनेमुळे पान उजेडाकडे वळू शकते, आणि अशी शेकडो पाने मिळून पावसाळ्यात दाट पडदा तयार होतो. लहान झाडावर वेल सोडली, तर ती त्याचा सारा उजेड अडवते, म्हणून माझ्या मते मोठा वृक्ष किंवा लोखंडी जाळीच योग्य. ऐन उन्हाळ्यात सावली हवी असेल, तर मात्र ही वेल उपयोगाची नाही.

पानांवर कधीकधी डोळ्यांसारखे मोठे ठिपके असलेली गडद अळी दिसते. ती फळांतील रस शोषणाऱ्या पतंगाची अळी होय. या अळ्या गुळवेल, वासनवेल यांसारख्या वेलींवर वाढतात आणि पुढे त्यांचे पतंग रात्री संत्री-मोसंबीच्या पिकत आलेल्या फळांना सोंड खुपसून रस शोषतात. भोक पडलेले फळ सडून गळते. घरच्या बागेत थोडी पाने कुरतडली गेली, तर वेलीचे काही बिघडत नाही, परंतु लिंबूवर्गीय फळबागेच्या कुंपणावर ही वेल वाढवू नये.