काळा-पांढरा म्हणजे मिनिमलिस्ट नव्हे

कोल्हापूरच्या राजारामपुरीत कुठल्याही कापड दुकानात विचारा, ‘मिनिमलिस्ट’ म्हटलं की समोर बिनलोगोचा काळा, पांढरा, राखाडी टी-शर्ट येतो. हा समज बराच जुना आहे आणि चुकीचाही. 1980 साली जपानमध्ये सुरू झालेल्या मुजी या ब्रँडची तीन तत्त्वं बघा: साहित्याची निवड, प्रक्रियेतली छाटणी, साधं पॅकिंग. त्यात रंगाचा उल्लेखच नाही. मोजकेच नमुने, वर्षानुवर्षं तोच कट, बाकी खर्च कापड-शिलाईवर, ही मिनिमलिस्ट ब्रँडची खरी ओळख. दर पंधरवड्याला नवा ‘साधा’ माल काढणारा यात बसत नाही.

साध्या कपड्यात दोष झाकायला प्रिंट नसतो, म्हणून उलटा करूनच बघा. शर्टाला इंचात 12च्या आसपास टाके हवेत; सात-आठ असले तर शिवण ताणाखाली फाकते. टी-शर्टाचं कापड 180 जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन) तरी हवं, 140चा पांढरा आरपार दिसतो. बाजूची शिवण धुतल्यावर पोटाकडे फिरते, ती सुताच्या पिळामुळे. दुकानात नव्या मालावर हे कळत नाही, तेव्हा आधी एकच घेऊन दोन-तीनदा धुवा.

आणि हो, हळदी रंगाचा कुर्ताही मिनिमलिस्ट असू शकतो!