छाटणीची कात्री

कोवळ्या फांद्या, शेंडे, सुकलेली फुले आणि पिवळी पाने नेमकी जागा धरून कापायची लहान, निमुळत्या पात्यांची कात्री. लांबी साधारण १५ ते १८ सेंमी., त्यात पाते ४ ते ५ सेंमी. पेन्सिलीच्या निम्म्या जाडीची, म्हणजे फार तर ३-४ मिमी.ची हिरवी काडी हे तिचे काम. लाकूड धरलेल्या फांदीला सिकेटर, म्हणजे जाड फांद्या कापायची एका हाताची दणकट कात्री लागते. मलबार हिलच्या फिरोजशहा मेहता उद्यानात झुडपांना प्राण्यांचे आकार दिलेले दिसतात, तसल्या कामाला दोन्ही हातांनी चालवायची लांब कात्री लागते. मुंबईच्या घरातली बाग मात्र बहुधा खिडकीच्या ग्रिलमध्ये मावते: तुळस, मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, एखादा गुलाब. तिथे सिकेटर पुरता उघडतही नाही, आणि कागद कापायची कात्री वापरली तर काडी पात्यांतून निसटते किंवा चेंगरते.

चेंगरण्यातच खरे नुकसान आहे. तुळशीची मंजिरी बोथट कात्रीने काढून दोन दिवसांनी पाहावे. टोक तपकिरी पडलेले असते, साल दोन्ही बाजूंनी दबलेली असते आणि काळपटपणा खालच्या पानांच्या जोडीपर्यंत उतरू लागतो. धारदार पात्याचा काप ओलसर हिरवा दिसतो, लवकर कोरडा होऊन बंद होतो आणि त्याच पेरातून दोन फुटवे येतात. गुलाबात निष्काळजी कापातून बुरशी शिरली की शेंडेमर लागते. फांदी वरून खाली काळी पडत जाते. म्हणून काप डोळ्याच्या (जिथून नवा फुटवा येतो त्या कोंबाच्या) जरा वर, साधारण ५ मिमी. अंतर राखून, आणि डोळ्यापासून उलट दिशेला उतरता घ्यावा. डोळा बाहेर तोंड करून असलेला निवडावा, म्हणजे झुडूप मधून मोकळे राहते. तुळस, पुदिना यांच्या समोरासमोरच्या पानांच्या जोडीवर मात्र सरळ आडवा काप पुरतो. एका वेळी एकतृतीयांशापेक्षा जास्त पाला काढू नये.

कात्री घेताना दुकानात हातात धरून पाहावी. नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात फिरले तर तशी संधी मिळते. पाती उघडून मिटवताना टोके एकमेकांवर अचूक आली पाहिजेत आणि मिटलेली कात्री उजेडासमोर धरल्यावर टोकाशी फट दिसता कामा नये. जोड रिव्हेटचा असण्यापेक्षा स्क्रूचा बरा, कारण तो घट्ट करता येतो आणि धार लावायला पाती सुटी करता येतात. दाट झुडपात सरळ पाते खोल जाते. पानांच्या बेचक्यात वाकडे टोक सोयीचे. स्प्रिंगच्या कात्रीने बोटे कमी दमतात, पण स्प्रिंगच्या वेटोळ्यात माती आणि पाणी साचते. बोन्साय करणारे ‘ओकुबो’ या जपानी घडणीची कात्री पसंत करतात; तिच्या मुठीच्या कड्या एवढ्या मोठ्या असतात की तीन-चार बोटे आत जातात आणि पकड सैल पडत नाही. डावखुऱ्या माणसाने डाव्या हाताची कात्रीच घ्यावी. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की बोटांचा दाब पाती जुळवण्याऐवजी फाकवतो.

पोलाद कोणते, हा प्रश्न मुंबईत महत्त्वाचा. जास्त कार्बनचे पोलाद अधिक तीक्ष्ण होते आणि धार टिकवते, पण गंजते. इथे वर्षाला २,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात, आणि समुद्राची खारी हवा बाराही महिने असते. रोज पुसून ठेवायची सवय नसेल तर स्टेनलेसच घ्यावी. अर्थात खाऱ्या हवेत स्टेनलेसवरही तांबूस ठिपके येतात, तेव्हा पुसणे कोणालाच सुटत नाही.

काम झाल्यावर पाती ओल्या फडक्याने, मग कोरड्या फडक्याने पुसावीत आणि जोडावर शिलाई मशिनच्या तेलाचा एक थेंब सोडावा. स्वयंपाकाचे तेल घालू नये. ते हळूहळू चिकट होते आणि धूळ धरते. वड, चाफा, शेर यांचा चीक स्पिरिटच्या बोळ्याने तेव्हाच काढावा. वाळला की पाती अडखळतात, आणि बऱ्याचदा त्यालाच लोक धार गेली असे समजतात. पावसाळ्यात कात्री ग्रिलला टांगून न ठेवता चपलांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी सोबत घालून डब्यात ठेवावी.

रोगट झाडावरून निरोगी झाडाकडे जाताना पाती ७० टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावीत. ब्लीचने जंतू मरतात, पण पोलादही खाल्ले जाते. टोमॅटो-मिरचीवरचा तंबाखू मोझॅक विषाणू मात्र स्पिरिटला पुरता दाद देत नाही. त्यासाठी साय काढलेल्या दुधाच्या भुकटीचे २० टक्के द्रावण वापरतात. त्यातली प्रथिने विषाणूला झाकून टाकतात.

धार कमी वाटली तर आधी स्क्रू तपासावा. ओला टिश्यू कापताना तो पात्यांमध्ये दुमडत असेल आणि स्क्रू घट्ट असेल, तरच निसणा, म्हणजे धार लावायचा दगड काढावा. पात्याची फक्त बाहेरची उतरती बाजू, मूळचा कोन न बदलता, जोडाकडून टोकाकडे निसण्यावर ओढावी. आतली सपाट बाजू घासू नये; धारेच्या कडेला आलेला पोलादाचा बारीक तंतू काढायला ती एकदाच दगडावर सपाट टेकवून हलकेच फिरवावी. सोसायटीच्या दारात सायकल लावून बसणाऱ्या धारवाल्याला हे आधी सांगणे गरजेचे. स्वयंपाकाच्या सुरीप्रमाणे दोन्ही बाजू चाकावर धरल्या की पात्यांमध्ये फट राहते आणि चांगली कात्री कायमची बिघडते.

गुलाबाची मुख्य छाटणी इथे पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात करतात, मोगऱ्याची डिसेंबर-जानेवारीत. मोठ्या फांद्या सिकेटरने काढून झाल्या की आतल्या बारीक, आडव्या काड्या विरळ करायला ही कात्री हाती येते. भर पावसात फक्त सडकी पाने आणि गळायला आलेली फुले काढावीत. कुंडीतल्या झाडांना परवानगी लागत नाही. सोसायटीच्या आवारातल्या वृक्षांची गोष्ट निराळी: तिथे महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे आणि फांद्या छाटण्याआधी महापालिकेच्या उद्यान खात्याकडे अर्ज करावा लागतो.